काट्यांचा ख्रिस्त : चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा

फ्रान्सिस न्यूटन सूझा ह्या चित्रकाराच्या नावातील पहिले नाव नवसाचे आहे. १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यात, बार्देसमधील साळगाव येथे त्याचा जन्म झाला, तेव्हा 'फ्रान्सिस' हे नाव त्याला नव्हते. मूल तीन महिन्यांचे असताना वडील वारले. त्यानंतर थोड्याच काळात थोरली बहीणही गेली. पुढे ह्या मुलाला देवी आल्या. पदरी उरलेले एकुलते एक लेकरूही जाते की काय, ह्या भीतीने आईने संत फ्रान्सिस झेवियरकडे धाव घेतली आणि नवस केला, की मुलगा वाचला तर त्याला धर्मगुरू करीन. मुलगा वाचला. त्याच्या नावात संताचे नाव आले, चेहऱ्यावर देवीचे वण राहिले. धर्मगुरू मात्र तो झाला नाही.

अशा नवसांची आमच्या वाचकांना नवलाई नाही. आम्हा धर्मगुरूंपैकी कित्येकांच्या व्रतस्थ जीवनामागे एखाद्या आईचा असाच न बोललेला किंवा बोललेला शब्द उभा असतो. ज्यांच्या बाबतीत तो शब्द फळला त्यांची चरित्रे आपण कौतुकाने छापतो. ज्यांच्या बाबतीत तो फळला नाही त्यांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. सूझाच्या बाबतीत त्याचे उत्तर रंगांत लिहिलेले आहे. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या प्रवर्तकांत ज्याची गणना होते असा हा गोमंतकीय कॅथॉलिक आयुष्यभर क्रूस, संत, पाद्री आणि पोप रंगवीत राहिला. आणि ते अशा रीतीने, की आमच्या धर्मग्रामातील बहुतेक घरांतून त्याचे एकही चित्र भिंतीवर लावले जाणार नाही.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. ते चित्र भिंतीवर लागणार नाही ह्याचे आम्हांला फारसे दुःख नाही. पण ते पाहण्याचेच आपण टाळले, तर त्यात हानी सूझाची नाही, आपली आहे.

आईने मुलाला घेऊन मुंबई गाठली. शिवणकामावर तिने संसार चालविला. मुलाला येशूसंघीयांच्या शाळेत घातले. तेथून तो काढला गेला. कारण, शौचालयाच्या भिंतीवरील अश्लील चित्रे. त्याचा स्वतःचा खुलासा असा होता, की चित्रे आपण काढली नव्हती, दुसऱ्यांनी काढलेली वाईट चित्रे फक्त दुरुस्त केली होती. हा खुलासा खरा असो वा नसो, सारा सूझा त्यात आहे. १९४० साली तो सर ज. जी. कलाशाळेत गेला आणि १९४५ साली राजकीय चळवळीतील सहभागावरून तेथूनही बाहेर पडला. काही काळ त्याने कम्युनिस्ट पक्षातही काढला, आणि पक्षालाही त्याने फार दिवस सहन केले नाही, की त्याने पक्षाला, हे सांगणे कठीण आहे.

१९४७ साली मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप' स्थापन झाला, त्यात पुढाकार सूझाचा होता. सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे त्याचे सोबती. ह्या सहा जणांची मोट पाहण्यासारखी आहे. आरा हे घरगडी म्हणून राबलेले आणि मोटारी धुतलेले, हुसेन हे सिनेमाचे फलक रंगविणारे, गाडे हे विदर्भातले; आणि ह्या सर्वांना एकत्र आणणारा हा देवीचे वण असलेला साळगावचा तरुण तेवीस वर्षांचा. एका बाजूला कलाशाळेत शिकवले जाणारे विलायती हुबेहूबपण आणि दुसऱ्या बाजूला बंगाली शैलीचा भूतकाळाकडे वळलेला हळवेपणा, दोन्ही त्यांना नकोसे झाले होते. वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन, एमॅन्युएल श्लेसिंगर ह्यांच्यासारख्या युरोपातून मुंबईस आलेल्या जाणत्या मंडळींनी त्यांना डोळसपणे हात दिला. १९४९ साली मुंबईत गटाचे प्रदर्शन भरले आणि मुल्कराज आनंद ह्यांनी त्याचे उद्घाटन केले. गट फार टिकला नाही. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेला, रझा १९५० मध्ये पॅरिसला. पण वासुदेव गायतोंडे, कृष्ण खन्ना, तैयब मेहता, अकबर पदमसी ह्या नंतर नावारूपाला आलेल्या चित्रकारांची वाट ह्याच अंगणातून गेली. स्वतंत्र भारताच्या चित्रकलेचा इतिहास ह्या सहा नावांवाचून लिहिता येत नाही.

लंडनची पहिली वर्षे उपासमारीची होती. १९५५ हे वर्ष मात्र भाग्याचे ठरले. कवी स्टीफन स्पेंडर ह्यांच्या 'एन्काउंटर' मासिकात 'निर्वाण ऑफ अ मॅगट' हा त्याचा आत्मपर लेख आला. व्हिक्टर मस्ग्रेव्ह ह्यांच्या 'गॅलरी वन'मध्ये त्याचे प्रदर्शन भरले आणि चित्रे विकली गेली. समीक्षक जॉन बर्जर ह्यांनी त्याची दखल घेतली. १९५८ साली गुगेनहाइम आंतरराष्ट्रीय पारितोषिकासाठी ब्रिटनच्या बाजूने जे पाच चित्रकार निवडले गेले त्यांत तो होता. १९५९ मध्ये 'वर्ड्‌स अँड लाइन्स' हे त्याचे पुस्तक निघाले, १९६२ मध्ये एडविन मलिन्स ह्यांनी त्याच्यावर ग्रंथ लिहिला. दारूही ह्याच काळात होती आणि संसाराची मोडतोडही. १९६७ साली तो न्यूयॉर्कला गेला. चरित्राचा हा भाग येथे थोडक्यात आटोपतो, कारण आमचे प्रयोजन वेगळे आहे.

गोव्यातील देवळाची आठवण सूझाने स्वतः लिहून ठेवली आहे. धर्मतत्त्वांपेक्षा आपल्याला त्या वास्तूची भव्यता आणि उपासनेचा थाट भुरळ घाली, असे तो सांगतो: सोन्याने मढविलेले, शून्यात पाहणारे लाकडी संत, उदाचा वास, आणि मोठ्या क्रुसावर खिळलेला, रक्ताने माखलेला, काट्यांत केस गुंतलेला मनुष्य. लहान मुलाची नजर काय टिपते हे आपण मोठी माणसे विसरतो. आपण समजतो, की मूल प्रवचन ऐकते आहे. ते त्या वेळी पुतळ्याच्या गुडघ्यावरील जखम पाहत असते.

गोव्यातील जुन्या क्रूसमूर्ती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ह्याचा अर्थ लगेच कळेल. जुन्या गोव्यातील संत मोनिका मठाचा तो चमत्काराचा क्रूस घ्या, ज्यावरील ख्रिस्ताने १६३६ साली डोळे उघडले आणि ज्याच्या जखमांतून रक्त वाहिले अशी श्रद्धा आहे. प्रायश्चित्तकाळात निघणाऱ्या मिरवणुकांतील, खांद्यावर क्रूस घेतलेला, जांभळ्या झग्यातला ख्रिस्त घ्या. स्थानिक कारागिरांनी लाकडात कोरलेल्या ह्या मूर्ती गोड नाहीत. त्यांच्या बरगड्या मोजता येतात, गुडघे सोललेले असतात. पोर्तुगीज अमलातील त्या ख्रिस्तसभेत पुष्कळ काही उणे होते, पण वेदनेपुढे डोळे मिटण्याची खोड तिला नव्हती. सूझा ह्या मूर्तींच्या शाळेत शिकला. पुढे १९४८ साली दिल्लीतील प्रदर्शनात त्याने मथुरा आणि खजुराहोची शिल्पे पाहिली, स्पेनमध्ये जुनी रोमनेस्क भित्तिचित्रे पाहिली, पिकासो पाहिला. पण त्या सर्वांच्या तळाशी साळगावचे देऊळ आहे.

आता १९५९ सालच्या 'क्रुसिफिक्शन' ह्या चित्राकडे वळू. लाकडी फळीवर तैलरंगात काढलेले, सुमारे सहा फूट उंच आणि चार फूट रुंद असे हे चित्र १९९३ साली लंडनच्या टेट संग्रहालयाने विकत घेतले. मूळ चित्र आम्ही पाहिलेले नाही, छापील प्रतिकृतीवरून बोलतो आहोत. वाचकांनी तेवढी सूट द्यावी. ख्रिस्त काळा आहे. सावळा नव्हे, कोळशासारखा काळा. जाड काळ्या रेघांनी त्याचे शरीर बांधलेले आहे आणि त्या रेघांनाच काटे फुटले आहेत. काट्यांचा मुकुट डोक्यावर ठेवलेला आहे असे वाटत नाही. सबंध देहच काटेरी झुडूप झाला आहे. दात दिसतात. त्याच्या बाजूच्या आकृतीही तशाच टोकदार, ताठर. रडणारी मारिया, हळवा योहान, अशी आपल्या परिचयाची मांडणी शोधू गेले तर हाती काही लागत नाही. डोळ्याला विसावायला जागाच ठेवलेली नाही.

आम्ही सेमिनरीत असताना ग्रंथालयातील एका जुन्या पुस्तकात ह्या चित्राची कृष्णधवल प्रतिकृती प्रथम पाहिली, आणि पान उलटले. पाखंडी चित्र आहे असे कोणी सांगितले नव्हते, पण पाहवेना. पुढे पुष्कळ वर्षांनी, एका धर्मग्रामात काम करीत असताना, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या एका गृहस्थाला पवित्र कम्युनियन द्यायला आम्ही दर शुक्रवारी जात असू. शेवटच्या महिन्यात त्यांचा चेहरा ओळखू येईना. गाल आत गेलेले, ओठ मागे ओढलेले, दात बाहेर. उशाशी भिंतीवर तसबीर होती. तीतला येशू गोरा, गुलाबी गालांचा, केस विंचरलेला. त्या दिवशी घरी परतताना आम्हांला ते जुने पान आठवले. ते दात आम्ही कोठे पाहिले होते ते कळले.

यशया संदेष्ट्याने ज्या दुःखी सेवकाचे वर्णन केले आहे त्याला रूप नाही, शोभा नाही. लोक त्याच्यावरून तोंड फिरवितात. गुड फ्रायडेच्या उपासनेत हे वाचन दरवर्षी होते. आपण ते भक्तीने ऐकतो, आणि नंतर ज्या क्रूसमूर्तीच्या पायांचे चुंबन घ्यायला रांगेत उभे राहतो ती मूर्ती शोभिवंत असते. वाचन आणि मूर्ती ह्यांचा मेळ बसत नाही हे आपल्या ध्यानातही येत नाही. सूझाने तो मेळ बसविला. संदेष्ट्याला प्रमाण मानून त्याने तसे केले असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळात तो श्रद्धाळू नव्हता. परंतु तोंड फिरविण्याजोगा मशीहा त्याच्या चित्रात आहे, आणि आमचे पान उलटणे हाच त्याचा पुरावा.

हे नवे नाही, हेही सांगितले पाहिजे. जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्ड ह्याने १५१२ ते १५१६ च्या सुमारास इझेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्र रंगविले. तेथील व्रतस्थ 'संत अंतोनीची आग' ह्या भयंकर रोगाने पछाडलेल्यांची शुश्रूषा करीत. चित्रातील ख्रिस्ताच्या हिरवट पडलेल्या कातडीवर फोड आणि काटे आहेत, बोटे वेदनेने वाकडी झाली आहेत. रोग्यांना त्या चित्रासमोर आणीत, आणि आपल्याच रोगाने ग्रासलेला तारणारा त्यांना तेथे भेटे. आपल्या शतकाच्या जवळ येऊ. फ्रान्समधील आसी येथे, क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांच्या डोंगराळ परिसरात, १९५० साली एक नवे चर्च पवित्र करण्यात आले. दोमिनिकन धर्मगुरू कुतुरिए ह्यांच्या प्रेरणेने तेथे नामवंत आधुनिक कलावंतांनी काम केले. जर्मेन रिशिए ह्या शिल्पकर्तीने घडविलेला वेदीवरचा ख्रिस्त जळक्या लाकडासारखा खडबडीत होता, त्याला चेहरा जवळजवळ नव्हता. निषेध झाले, आणि १९५१ मध्ये धर्माध्यक्षांच्या आदेशाने तो हलविण्यात आला. पुढे काही वर्षांनी तो पुन्हा वेदीवर आला. ज्यांना तो बोचला ते धडधाकट होते. आजाऱ्यांची त्याच्याशी लवकर ओळख पटली. देवीच्या वणांचा सूझा कोणत्या बाजूला उभा राहिला असता हे सांगायला नको.

त्याच आसीच्या चर्चमध्ये जॉर्ज रूओ ह्या थोर फ्रेंच चित्रकाराच्या रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. सूझाच्या जाड काळ्या रेघेचा संबंध रूओशी जोडला जातो, आणि ते योग्यच आहे. रूओ (१८७१–१९५८) लहानपणी काचेच्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करीत होता. खिडकीतील रंगीत तुकड्यांना जोडणाऱ्या शिशाच्या काळ्या पट्ट्या त्याच्या चित्रांत आयुष्यभर राहिल्या. तो नित्य उपासनेला जाणारा निष्ठावान कॅथॉलिक. तरी त्याच्या विदूषकांना, वेश्यांना आणि ख्रिस्ताच्या मुखांना धार्मिक मंडळींनी बराच काळ कुरूप ठरविले. मात्र दोघांत एक भेद आहे, आणि आमच्या मते निर्णायक आहे. रूओची काळी रेघ आतल्या प्रकाशाला धरून ठेवते; मागे सूर्य आहे अशी खात्री देते. सूझाची रेघ कापते. त्याच्या खिडकीमागे सूर्य उगवलेला नाही. १९६६ साली लंडनमध्ये त्याने काळ्यावर काळ्या रंगाने काढलेली चित्रे मांडली. प्रकाशाचा कोन साधला तरच त्यांतील आकृती दिसतात. पवित्र सप्ताहातील एकेक मेणबत्ती विझवीत नेणाऱ्या जुन्या तेनेब्रे विधीची आठवण व्हावी अशी ती चित्रे. पण त्या विधीत शेवटची मेणबत्ती विझवीत नसत, वेदीमागे लपवीत आणि पुन्हा आणीत. सूझापाशी ती मेणबत्ती आम्हांला सापडली नाही. त्याचा ख्रिस्त शुक्रवारी दुपारी तीन वाजता थांबलेला आहे.

हा दोष आहे का? धर्मगुरू म्हणून विचाराल तर, होय. पुनरुत्थान नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे हे संत पौलाने बजावले आहे. समीक्षक म्हणून विचाराल तर आम्ही एवढेच म्हणू, की जो रविवार शुक्रवार वगळून येतो तो खोटा असतो. आणि आमच्या भिंतींवर असे पुष्कळ रविवार टांगलेले आहेत.

१९५५ सालचे 'मिस्टर सेबॅस्टियन' हे चित्र आमच्या वाचकांना अधिक जवळचे वाटावे. संत सेबॅस्टियन आपल्या किनाऱ्यावर ठाऊक नाही असे गाव विरळा. पटकीच्या आणि प्लेगच्या साथीत आपल्या पूर्वजांनी त्याचा धावा केला, त्याचे सण बांधले. खांबाला बांधलेला, बाण लागलेला, तरुण, देखणा असा त्याचा पुतळा आपण पाहतो. इतका देखणा, की बाण दागिन्यांसारखे दिसतात. सूझाने ह्या संताला कोट आणि टाय घातला. बाण चेहऱ्यात आणि मानेत रुतले आहेत. समोर उभा आहे तो लंडनच्या रस्त्यावरचा, किंवा चर्चगेटला गाडीतून उतरणारा, एखादा कारकून. 'संत' हा शब्दही त्याने काढून टाकला आणि 'मिस्टर' ठेवला. ह्यात उपहास आहे, नाही असे नाही. पण आम्हांला त्यात उपहासाहून अधिक काही दिसते. कोटाखाली बाण लपवून सकाळची गाडी पकडणारे किती तरी मिस्टर सेबॅस्टियन आम्ही प्रायश्चित्ताच्या खिडकीपलीकडून ऐकले आहेत.

पाद्र्यांच्या चित्रांविषयी बोलणे आम्हांला अवघड आहे, पण ते टाळणे भित्रेपणाचे होईल. सूझाचे धर्माधिकारी भेसूर आहेत. कपाळात सरकलेले डोळे, दातांच्या रांगा, भरजरी वस्त्रांत कोंबलेली कठोर डोकी. १९६२ मधील 'डेथ ऑफ अ पोप' ह्या चित्रात पोपच्या मृत्यूभोवतीही त्याला तोच कठोरपणा दिसला. हे वर्ष दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली तेच. प्रथम पाहता राग येतो. नंतर असे ध्यानात येते, की सूझा पाद्र्याचे आणि ख्रिस्ताचे डोके एकाच रीतीने रंगवितो. तेच काटे, तेच दात. छळणारा आणि छळला जाणारा ह्यांची तोंडे त्याच्या हाताखाली एकसारखी होतात. हे त्याने समजून केले की हाताच्या सवयीने झाले? दोन्ही असावे. पण त्या जरीच्या वस्त्रांना आणि त्या कठोरपणाला कारण आपणच पुरविले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या ख्रिस्तसभेत तो वाढला तिच्यात गावच्या देवळातील मानाच्या जागाही घराण्यांनुसार वाटल्या जात.

त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्याची नग्न स्त्रीचित्रे पुष्कळ आहेत. त्यांच्यावरून १९४९ साली मुंबईत गदारोळ झाला, प्रदर्शनातून चित्रे उतरविली गेली, पोलीस घरापर्यंत गेले. नग्नता हे आमच्या आक्षेपाचे कारण नाही. सिस्टीन चॅपेलच्या छताखाली पोप निवडले जातात आणि त्या छतावर आदाम वस्त्र नेसलेला नाही. आक्षेप वेगळा आहे. ख्रिस्ताच्या देहाकडे पाहताना सूझाला जी व्यथा दिसते ती स्त्रीच्या देहाकडे पाहताना बहुधा दिसत नाही. तेथे नुसती रेघेची हिंसा उरते. अपवाद आहेत. १९५५ मधील 'बर्थ' हे मोठे चित्र असाच एक अपवाद: पहुडलेली गर्भवती स्त्री, खिडकीबाहेर टोकदार मनोऱ्यांचे शहर, आणि शेजारी पुरोहिती वेशात उभा असलेला पुरुष. ह्या एका चित्रात दरारा आहे, आदरही आहे. (२०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला चाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. साळगावच्या शिवणकाम करणाऱ्या विधवेला हा आकडा कोणी समजावून सांगितला असता!) दुसरी उणीव अशी, की न्यूयॉर्कच्या काळात हात फार सैल सुटला. छापील मासिकांच्या पानांवर रसायने ओतून केलेली असंख्य चित्रे, एकाच साच्यातली डोकी. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकोल्सन संग्रहातील त्याची चित्रे पाहताना जुन्या फळीवरची रेघ आणि नंतरची रेघ ह्यांतला फरक आम्हां अनभिज्ञांनाही जाणवला. पहिली खिळ्यासारखी ठोकलेली असते.

गोव्याचाच दुसरा एक चित्रकार येथे आठवतो: सांतु इस्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७). शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांच्या परंपरेत शिकून ते परतले आणि मरियामातेला त्यांनी साडी नेसविली. गोव्यात तेव्हा तेही सहन झाले नाही. ते पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले आणि अखेरपर्यंत शांतपणे रंगवीत राहिले. फोन्सेकांच्या चित्रांपुढे जपमाळ म्हणता येते, सूझाच्या चित्रांपुढे येत नाही. तरी दोघांनाही घराबाहेर काढणारे हात एकच होते, आणि ते अविश्वासूंचे नव्हते. पोप सहावे पौल ह्यांनी ७ मे १९६४ रोजी सिस्टीन चॅपेलमध्ये कलावंतांना बोलावून ख्रिस्तसभेने त्यांच्यावर जे ओझे लादले त्याबद्दल क्षमा मागितली, आणि १९७३ साली व्हॅटिकनमध्ये आधुनिक धार्मिक कलेचा संग्रह खुला केला. सेमिनरीत आम्हांला परिषदेचे उपासनाविषयक संविधान शब्दशः पढविले गेले. आपल्या काळातील आणि सर्व लोकांतील कलेला मंदिरात वाव असावा असे ते सांगते. परीक्षेत आम्ही हे उत्तर बरोबर लिहिले होते.

आता कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही काम करीत असलेल्या एका धर्मग्रामात मंदिराचे नूतनीकरण निघाले. वेदीवर जुना लाकडी क्रूस होता. वाळवीने पोखरलेला, काळवंडलेला, रक्ताचे ओघळ रंगविलेला. लहान मुले भितात, असे समितीत कोणी म्हणाले. संगमरवराला शोभणार नाही, असे दुसरे कोणी म्हणाले. आम्ही मान डोलावली. दुकानातून फायबरचा, पांढराशुभ्र, पॉलिश केलेला ख्रिस्त आला; त्याच्या कुशीतील जखम कुंकवाच्या बोटाएवढी. सर्वांना आवडला, आम्हांलाही. जुना क्रूस चादरीत गुंडाळून साक्रिस्तीच्या माळ्यावर ठेवला. एकट्या एका म्हाताऱ्या आजीबाईंनी विचारले, "फादर, आपला तो कुठे गेला?" आम्ही काय उत्तर दिले ते आता आठवत नाही, खरे दिले नसावे.

सूझा २८ मार्च २००२ रोजी मुंबईत वारला. त्या दिवशी पवित्र गुरुवार होता. संध्याकाळी साऱ्या धर्मग्रामांत पाय धुण्याचा विधी चालू असणार. शिवडीच्या दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. २००५ साली टेट ब्रिटनने त्याची चित्रे स्वतंत्रपणे मांडली, २०१८ साली बेकन आणि फ्रॉइड ह्यांच्या पंक्तीत त्यांना जागा दिली. आपल्याकडे त्याचे नाव अजूनही लिलावाच्या बातमीतच अधिक येते.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्या धर्मग्रामात गेलो होतो. सध्याच्या फादरांनी किल्ली दिली. क्रूस माळ्यावरच आहे. डाव्या हाताची दोन बोटे वाळवीने गेली आहेत, बाकी लाकूड टणक आहे. सुताराला दाखविला, तो म्हणाला, औषध भरून घेता येईल, बोटे मात्र नवी बसवू नका, ओळखू येतील. पुढच्या प्रायश्चित्तकाळापूर्वी समितीपुढे विषय ठेवण्याचे फादरांनी मान्य केले आहे.